मेंढ्या एकाच माळावरच्या काही जागा मुळापर्यंत चरतात आणि काही जागांना तोंडही लावत नाहीत, असे का?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार. पदव्युत्तर अभ्यासाच्या प्रकल्पासाठी मी गेल्या श्रावणापासून माण तालुक्यातल्या एका मेंढपाळ कुटुंबाच्या खांडामागे हिंडते आहे. खांडात दीडशेच्या आसपास मेंढ्या आहेत. बहुतेक काळ्या दख्खनी, काही माडग्याळी रक्ताच्या, आणि सोबत दहा-बारा शेळ्या. हे रान दुरून पाहिले तर एकच उजाड माळ वाटतो, आणि सरकारी नकाशातही त्याला एकच रंग दिलेला आहे. प्रत्यक्षात मात्र वर खडकाळ टेकाड, त्याखाली कुसळी गवताचा उतार, मग मुरमाड बरड, बरडातून उतरणाऱ्या दोन-तीन ओघळी, शेवटी हराळी आणि बाभळींचा ओढाकाठ, आणि ओढ्यापलीकडे काळी शेते, अशी निदान पाच-सहा प्रकारची जमीन दीड-दोन कोसांत येते.

माझी अडचण अशी आहे की मेंढ्या या तुकड्यांचा वापर जसा करतात, त्याचा मला मेळ लागत नाही. श्रावण-भाद्रपदात त्या टेकाडावर आणि उतारावर असत. आता कार्तिकात तोच उतार गुडघाभर गवताने भरलेला असताना मेंढका त्यांना तिथून वळवून आणतो. उलट बरडावर जेमतेम दोन खळ्यांएवढा एक तुकडा आहे, तिथले गवत बोटाच्या पेरापेक्षा वर कधी येतच नाही, कारण येता-जाता खांड तिथे थांबते. त्याच्या दहा पावले पलीकडे मात्र मेंढ्या मान वर करून निघून जातात.

एकदा मी कपाळावर निळा पट्टा ओढलेल्या एका मेंढीजवळ अर्धा तास बसून राहिले. ती गवताच्या उंच ठोंबाकडे वळली, पण ठोंब तिने खाल्ला नाही. नाक ठोंबाच्या बुडाशी घालून, दुभंगलेला वरचा ओठ बाजूला सारून, तिथे जमिनीसरपट वाढलेला शेवरा तिने तेवढा खुडून काढला आणि पुढच्या ठोंबाकडे गेली. जवळच हिरवागार तरवड होता, त्याचा तिने वाससुद्धा घेतला नाही.

यातली निवड मेंढीची किती आणि मेंढक्याची किती, हे वेगळे कसे काढावे? नोंदी कोणत्या पद्धतीने घ्याव्यात? आणि तो दोन खळ्यांएवढा तुकडा एवढा लाडका का असावा? दिवाळी झाली आहे, वाडा (मेंढपाळांचा फिरता तळ) लवकरच कोकणाच्या वाटेला लागेल, म्हणून माझ्याकडे दिवस थोडे आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाड्यावरचा

ताई, माझे बालपण वाड्यावर गेले. आता मी शाळेत शिकवतो, पण थोरल्या भावाचे खांड अजून आहे आणि सुट्टीत मी त्याच्यामागे असतो. तुम्ही पाहिलेले सगळे बरोबर आहे. फक्त त्याला महिन्यांचा हिशेब जोडावा लागेल.

मृगाचा पाऊस पडला की मेंढी उंचावर राहते, याचे पहिले कारण गवत नव्हे, खूर आहे. टेकाडावरचे पाणी घटकेत निथळते, मुरूम पायाला लागत नाही. ओढाकाठी त्या दिवसांत गवत लुसलुशीत असते, पण तिथल्या चिखलात चार दिवस खांड चारले तर पाचव्या दिवशी निम्म्या मेंढ्या गुडघ्यावर चरताना दिसतील, कारण खुरांच्या बेचक्यात कुज धरलेली असते. म्हणून आमचे वडील पावसाळ्यात ओढ्याकडे फक्त पाण्यापुरते उतरू देत. मेंढीची ओढ मात्र खालीच असते. तुम्हाला निवड वेगळी काढायची असेल तर ही जागा लक्षात ठेवा: पावसाळ्यात मेंढी खाली जाऊ पाहते आणि मेंढका तिला वर धरून ठेवतो.

उताराचे कारण कुसळ. श्रावणात कुसळी कोवळी असते तेव्हा मेंढी ती आवडीने खाते. नवरात्राच्या आगेमागे तिला कुसळे धरली की तोच उतार वैरी होतो. कुसळाचे टोक सुईसारखे असते आणि मागच्या शेपटाला पीळ असतो. दव किंवा घाम लागला की पीळ उलगडतो, शेपूट फिरते आणि टोक लोकरीतून कातडीत शिरते. मी दहा वर्षांचा असताना एका कोकराच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून असे कुसळ आईने दोन नखांत धरून ओढून काढलेले मी पाहिले आहे. कोकरू तिच्या मांडीवर थरथरत होते आणि आईने श्वास धरला होता. ज्याने एकदा हे पाहिले, तो मेंढका गुडघाभर गवत बघून भुलत नाही. कुसळे झडून गेल्यावर, पौष-माघात, जे खांड कोकणात जात नाही ते पुन्हा त्या उतारावर जाते, पण तेव्हा ते गवत नुसते पोट भरण्यापुरते असते, त्यात कस राहिलेला नसतो.

दिवाळीनंतर खरी चराई शेतांत असते. बाजरी निघालेली असते, पुढे तूर आणि शाळू निघतो. खाली पडलेला पाला, शेंगा, बांधावरची हराळी, पडीक तुकड्यातली एकदांडी, हे सगळे मेंढी वेचून खाते. रात्री शेतात वाघर (जाळ्याचे कुंपण) लावून मेंढ्या बसवायच्या, लेंड्या आणि मूत जमिनीला द्यायचे, त्याबदल्यात शेतकऱ्याने धान्य किंवा पैसे द्यायचे, हा जुना व्यवहार आहे. ज्या शिवारात पाट आला आणि उसाने बारमाही जमीन धरली, तिथे हा व्यवहारही गेला आणि चराईही गेली.

मग उन्हाळा. चैत्र-वैशाखात टेकाड आणि बरड दोन्ही करपतात, आणि आमच्याकडे मागे राहिलेली म्हातारी माणसे आपले लहानसे खांड त्या ओढ्याच्या पट्टीवर जगवतात. वाळलेल्या पात्राच्या कडेला थोडी ओल असते, तिथे हराळी टिकते, आणि बाभळीच्या शेंगा वाळून पडू लागतात. आकडीने फांदी हलवली की शेंगांचा सडा पडतो आणि सगळे खांड त्या आवाजावर धावत येते. क्षेत्र मोजाल तर ही पट्टी माळाच्या पासंगालाही पुरणार नाही, पण वर्षातले सगळ्यांत अवघड दोन महिने तिच्यावर निघतात. म्हणूनच नुसत्या श्रावण ते कार्तिक एवढ्या नोंदींवरून ओढाकाठ मेंढ्यांना नको असतो, असे कृपा करून लिहू नका.

रान मेंढका ठरवतो, पण रानातला घास मेंढीच ठरवते. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. चारा मनासारखा असेल तर खांड आडवे पसरते, माना खाली असतात आणि चाल मंद असते. चारा नसेल तर मेंढ्या एकामागे एक लागतात आणि माना वर करून चालू लागतात. पुढचा माणूस तेव्हाच दिशा बदलतो. सांजवेळी ओघळीत उत्तम चारा असला तरी आम्ही तिथे थांबत नाही, कारण लांडगा ओघळीतूनच येतो. ही निवडसुद्धा चाऱ्याची नव्हे.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे, ती सांगतो. आमच्या गावच्या माळाचा टेकाडाकडचा भाग काही वर्षांपूर्वी झाडे लावण्यासाठी बंद केला. सलग चर खणले आणि गिरिपुष्पाची रोपे लावली. ज्यांनी हे केले त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही, पण पावसाळ्यात कोरड्या खुराने उभे राहण्याची आमची ती एकमेव जागा होती. त्या पावसाळ्यात खांड खालच्या ओलीत राहिले. त्यातच एक गाभण मेंढी रात्री चरात पडली आणि सकाळी मेलेली सापडली. एवढा माळ शिल्लक असताना तुम्हाला एक तुकडा गेल्याचे एवढे काय, असे आम्हाला विचारले गेले. त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या अभ्यासातून मिळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि ताई, त्या दोन खळ्यांएवढ्या तुकड्याबद्दल घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. मला एक शंका आहे, पण आधी त्यांच्याकडून ऐका.

पशुवैद्यक

वरच्या उत्तरातल्या बहुतेक गोष्टींना वैद्यकीय आधार आहे, म्हणून थोडी भर घालतो. मेंढपाळ सकाळी दव वाळल्याशिवाय खांड सोडत नाहीत, हे आपण पाहिलेच असेल. पोटातल्या गोल जंतांच्या अळ्या ओलसर पात्यावर चढून बसतात आणि ऊन चढले की पुन्हा बुडाशी उतरतात, त्यामुळे उशिरा सोडलेली मेंढी तुलनेने कमी अळ्या गिळते. ओढ्याच्या आणि डबक्यांच्या कडेला चपट्या कृमींचा धोका असतो. त्यांच्या वाढीचा एक टप्पा पाण्यातल्या गोगलगाईच्या शरीरात होतो आणि नंतर त्या काठच्या गवताला चिकटून मेंढीच्या यकृतापर्यंत पोहोचतात. नीलजिव्हा हा रोग ज्या बारीक चिलटांमुळे पसरतो, ती ओलसर, शेणकुजीच्या आणि वारा नसलेल्या जागी वाढतात. टेकाडावरचा वारा हे त्यावरचे एक संरक्षणच असते.

पहिल्या पावसानंतर कोवळे गवत अचानक भरपूर खाल्ल्याने आंत्रविषार होऊन धडधाकट मेंढ्या दगावतात, त्यामुळे त्या काळात खांड हिरव्या पट्ट्यात फार वेळ थांबू न देणे शहाणपणाचे असते. ज्वारी कापल्यानंतर बुडख्यातून फुटणारे कोवळे फुटवे विषारी असतात, तेव्हा ते रान चाऱ्याने भरलेले दिसले तरी वर्ज्य समजावे. घाणेरीचे झुडूप मेंढी सहसा खात नाही. ज्या वर्षी खांडात घाणेरीमुळे कावीळ दिसू लागते, त्या वर्षी त्या परिसरातला बाकीचा चारा संपलेला आहे असे मी समजतो.

नोंदी घेताना दूध पाजणाऱ्या मेंढ्या वेगळ्या लिहाव्यात, ही माझी विनंती आहे. त्यांची गरज इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असते आणि त्या हिरव्या तुकड्यांकडे अधिक हट्टाने ओढ घेतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. अशा मेंढ्या खांडात असतील तर दोन कोकरांना पाजणारी मेंढी उन्हाळ्यात बरडावर तग धरू शकत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. जुळी देणाऱ्या मेंढीला ओढाकाठ किंवा घरचा चारा, दोहोंपैकी एक हमखास हवा.

एडिंबरोकर

मी मूळचा खटावचा, सध्या स्कॉटलंडमध्ये राहतो. इथल्या मेंढ्यांचा थोडा उल्लेख करतो, कारण मेंढका बाजूला काढला तर मेंढी काय करते हे इथे पाहता येते. सेंट किल्डा बेटांतल्या हिर्टावर सोए जातीच्या मेंढ्या राखणीविना राहतात आणि १९८५ पासून त्यांचा सलग अभ्यास चालू आहे. तिथेही त्या जुन्या गावठाणाभोवतीच्या, एकेकाळी माणसांनी खत घालून कसलेल्या हिरव्या पट्ट्यावर दाटीने चरतात आणि बाहेरचे निकृष्ट झुडपी रान त्या मानाने विरळ वापरतात. डोंगरांवर आणखी एक गोष्ट दिसते. झुडपांच्या रानात गवताचा तुकडा असेल तर त्या तुकड्याला लागून असलेली झुडपांची कडा सर्वांत जास्त खुडली जाते, आत जावे तसतसे खुडणे कमी होते. म्हणून नुसते 'गवत' आणि 'झुडूप' असे दोन रकाने न करता, मेंढी कडेपासून किती अंतरावर आहे हेही टिपावे.

इंग्लंडच्या लेक जिल्ह्यात कुंपण नसलेल्या डोंगरावर प्रत्येक कळपाची आपली हद्द असते आणि ती आई कोकराला शिकवते. २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत तिकडे मोठ्या प्रमाणावर मेंढ्या माराव्या लागल्या, तेव्हा नवीन मेंढ्या विकत आणता येतील पण डोंगराची ही ओळख कोठून आणायची, अशी चिंता मेंढपाळांना पडली होती. आपल्याकडेही म्हाताऱ्या मेंढ्या एकदम विकल्या की खांड नव्या रानात बावरते, असे आजोबा म्हणत.

तृणभूमी

मी गवताळ प्रदेशांवर काम करतो. पद्धतीबद्दल लिहितो.

दर दहा किंवा पंधरा मिनिटांनी खांडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवा आणि त्या क्षणी कोणत्या प्रकारच्या जमिनीवर किती मेंढ्या आहेत, त्यांतल्या किती चरत, किती चालत आणि किती बसून रवंथ करत आहेत, एवढेच लिहा. दुपारच्या उन्हात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून गोल करून उभ्या राहतात. तो वेळ चराईत धरला तर सावलीची किंवा वाऱ्याची जागा उगाच 'आवडते कुरण' ठरेल. मग प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे क्षेत्र मोजा आणि चराईतला तिचा वाटा क्षेत्रातल्या वाट्याशी ताडून पाहा. वाटा क्षेत्रापेक्षा जास्त निघाला तर ती जागा निवडली जाते, कमी निघाला तर टाळली जाते. हा हिशेब संपूर्ण शिवाराच्या क्षेत्रावर न मांडता, त्या दिवशी खांड जिथपर्यंत पोहोचू शकत होते तेवढ्याच क्षेत्रावर मांडा. पाणवठा कुठे आहे यावर ती पोहोच ठरते.

मेंढक्याची निवड वेगळी काढण्यासाठी एक साधा रकाना पुरतो. खांडाने दिशा बदलली की ती कोणी बदलली ते लिहा: पुढच्या माणसाने हाक किंवा शीळ घालून, की मेंढ्यांनी आपणहून. माणसाने बदलली असेल तर संध्याकाळी कारण विचारा आणि ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. गळ्यात बांधायचे उपग्रह-यंत्र मेंढी कुठे होती ते अचूक सांगते, पण ती ठोंब खात होती की ठोंबाखालचा शेवरा, हे ते सांगू शकत नाही. ती तुमची अर्ध्या तासाची निरीक्षणे अशी आठ-दहा मेंढ्यांवर, प्रत्येक तुकड्यात, घ्या. एकाच खांडातल्या दीडशे मेंढ्या म्हणजे दीडशे स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत, हे मांडणी करताना विसरू नका. शक्य असेल तर शेजारच्या वाड्याचे दुसरे खांडही घ्या. शेळ्यांची नोंद वेगळी ठेवा, कारण त्या मान वर करून डहाळी खातात आणि त्यांच्यामुळे बाभळीच्या तुकड्याचा हिशेब फुगतो.

या विषयाला आपल्याकडे चांगली परंपरा आहे. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी धनगर समाजातल्या निरनिराळ्या गटांनी परिसर कसा वाटून घेतला आहे, याची मांडणी केली. हटकर धनगर मेंढ्या घेऊन पर्जन्यछायेतल्या कोरड्या माळांवर, तर गवळी धनगर म्हशी घेऊन सह्याद्रीच्या माथ्यावर. तुम्ही पाहता आहात ती त्याच वाटणीची आतली, एका शिवारातली घडी आहे.

एक तुकडा गेल्याचे एवढे काय, या वाड्यावरचा यांना विचारल्या गेलेल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, माळाचा उपयोग एकूण क्षेत्रावर ठरत नाही. ज्या महिन्यात इतर सगळे तुकडे निकामी असतात, त्या महिन्यात कोणता तुकडा हाताशी आहे, यावर खांडाची संख्या ठरते. तो तुकडा बंद झाला की उरलेल्या मोठ्या क्षेत्रावरचा चारा असूनही वापरता येत नाही. आपल्याकडे माळाची गणना पडीक जमिनीत होते आणि म्हणून तिथे झाडे लावणे हे पुण्यकर्म समजले जाते. हे मला मनापासून चुकीचे वाटते, कारण त्याच माळावर लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी आणि एकेकाळी माळढोकही जगत आला आहे. वन हक्क कायदा, २००६ मध्ये भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क नमूद आहे. तुमच्या महिनावार नकाशाचा उपयोग अशा दाव्यात पुरावा म्हणून होऊ शकतो, तेव्हा त्याची एक प्रत त्या कुटुंबाकडे अवश्य ठेवा.

रानवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पशुवैद्यक यांच्या सूचनेप्रमाणे पाजणाऱ्या मेंढ्यांच्या शिंगाला किंवा कपाळाला वेगळा रंग लावून घेतला आहे, आणि दिशा कोणी बदलली याचा रकाना कालपासून सुरू केला आहे. पहिल्याच दिवशी असे दिसले की सकाळची वळणे बहुतेक माणसाची असतात. दुपारनंतर मेंढका मागे राहतो आणि म्हातारी शिंगमोडकी मेंढी पुढे असते.

त्या तुकड्याबद्दल मी काल आजींना विचारले. त्या घोंगडीच्या काठाला टाके घालत होत्या. त्यांनी सुई खोचून ठेवली आणि मला घेऊन तिथपर्यंत चालत आल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून पावसाळ्यात वाडा त्याच जागी बसत असे. जागा थोडी उंच आहे, पाणी साचत नाही आणि दोन्ही ओघळी तिथून दिसतात. घराजवळ कूपनलिका झाल्यावर, आठ-दहा वर्षांपूर्वी, तिथे वाडा बसणे थांबले. आजींनी बसून हराळी बाजूला केली आणि बोटाने माती उकरून माझ्या तळहातावर ठेवली. ती काळसर आणि भुसभुशीत होती. दहा पावलांवर मी स्वतः उकरून पाहिले तर नखाला पिवळा मुरूम लागला. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात खांड आले आणि निळ्या पट्ट्याची मेंढी आमच्या दोघींच्या मधून येऊन आजींच्या पायाशी चरू लागली.

नकाशावर हा तुकडा मी आता 'जुना वाडा' म्हणून वेगळा दाखवते आहे. आजींनी असे आणखी तीन तुकडे सांगितले आहेत, त्यांतला एक इथल्याही एका बंद केलेल्या लागवडीच्या आत आहे. वाडा हलण्याआधी उरलेले दोन पाहून घेते आणि मातीचे नमुने आणते.

वाड्यावरचा

माझी शंका हीच होती, ताई: वर्षानुवर्षांच्या लेंड्या-मुताने ती जागा खतावलेली आहे. बंद भागातला तुकडाही कुंपणाबाहेरून पाहून घ्या. तिथे हराळी अजून टिकली आहे की उंच गवताने दाबून टाकली आहे, ते मला अवश्य कळवा.